मॅमथच्या पाठीतलं भोक

अश्मयुगातल्या एका कोरीव वस्तूची प्रतिकृती करायची मागणी माझ्याकडे आली. तीत स्पष्ट लिहिलं होतं, "मुलांच्या हातात द्यायची प्रतिकृती आहे. मोडकी नको, अखंड हवी." माझं तिथंच बिनसलं.

मूळ वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. फ्रान्समधल्या मोंतास्त्रुक इथल्या शैलाश्रयात, म्हणजे कड्याखालच्या नैसर्गिक निवाऱ्यात सापडलेली, १३-१४ हजार वर्षांपूर्वीची. भाला लांब फेकायला वापरायच्या काठीचं हे टोक, रेनडिअरच्या शिंगात मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या आकाराचं कोरलेलं, लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर. भाल्याचा मागचा भाग ज्याला टेकतो तो आकडा म्हणजे त्या मॅमथची शेपटी होती. ती मोडली, तेव्हा पाठीत भोक पाडून तिथं नवा आकडा ठोकला गेला.

प्रतिकृती म्हणजे नुसती कोरणावळ, असं लोकांना वाटतं. खरी कसोटी शिंग निवडताना लागते. बाहेरची भिंत टणक, आतला गर जाळीदार. हत्यार गरात शिरलं की धार टिकत नाही, कड भुसभुशीत होऊन ढासळते. म्हणून जाड भिंतीचं शिंग हुडकायचं आणि कोरण्याआधी पाण्यात भिजत ठेवायचं. ढोबळ आकार मी यंत्रावर काढते, तेव्हा खोलीभर केस जळल्यासारखा वास पसरतो. शेवटचा हात मात्र चकमकीच्या दगडाच्या पात्यानंच. यंत्राच्या खुणा सरसकट एकसारख्या येतात आणि जाणकाराच्या नजरेतून त्या सुटत नाहीत.

शेपटी मोडकीच ठेवून मी पाठीत भोक पाडायला घेतलं. चकमकीचं टोक कवचावर बराच वेळ नुसतं किरकिरत राहिलं आणि मग एकदम आत गेलं. आकड्याला खरा आधार वरच्या त्या टणक भिंतीचाच. फेकताना सगळा जोर आकड्यावर येतो, त्यामुळे तो केसभर जरी सैल बसला तरी निखळणार. आकड्याची खुंटी घासून घासून बसवली, काठीला जोडून भाला ओढून पाहिला. टिकली.

इतक्या निगुतीनं कोरलेल्या पाठीत भोक पाडणारा माणूस कोण असेल? ज्यानं मॅमथ कोरला तोच? की त्याच्यामागून ती काठी ज्याच्याकडे आली तो? हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मागणी लिहिणाऱ्यांना तिथं फक्त खोट दिसली. मला तर अख्ख्या वस्तूत तेवढीच जागा अशी दिसते, जिथं शिकारीला निघायची घाई कळते.

बरीच पत्रापत्री झाल्यावर त्यांनी दुरुस्तीसकट प्रतिकृती घेतली. पेटीतल्या माहितीपत्रकात मात्र त्या भोकाबद्दल चकार शब्द नाही. दोन ओळी लिहून पाठवल्या आहेत, छापा म्हणून मागे लागले आहे.