हातात आले अडुसष्ट हजार, मागितले एक लाख अठरा हजार

नवी नोकरी धरून महिना होण्याआधीच सोडण्याची वेळ माझ्यावर येईल, असे कुणी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते. ३ जुलै २०२३ रोजी मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत वार्षिक चौदा लाखांवर रुजू झाले आणि १ ऑगस्टला राजीनामा दिला. जूनमध्ये मुलाखत घेऊन गप्प बसलेल्या दुसऱ्या कंपनीने १९ जुलैला फोन करून एकोणीस लाख देऊ केले आणि २८ तारखेला तसे पत्र पाठवले. पाच लाखांचा फरक होता, शिवाय काम माझ्या आवडीचे होते, त्यामुळे विचार करायला मला शनिवार-रविवार पुरले. आमच्या व्यवस्थापकांना मी आधी समोर बसून सांगितले आणि मगच ईमेल पाठवला. ते रागावले नाहीत, पण "तुमच्यासाठी आम्ही दुसऱ्या दोघांना नाही म्हटलं होतं" एवढेच म्हणाले, आणि ते वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिले. तीस दिवसांचा नोटीस पिरियड मी पुरता भरला, ३१ ऑगस्टला बाहेर पडले आणि ४ सप्टेंबरला नव्या जागी हजर झाले. इथवर सारे सुरळीत झाले. माझे घोडे अडले ते फुल अँड फायनल हिशेबात, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या देण्याघेण्यात, आणि हा सगळा खटाटोप त्याविषयी लिहिण्यासाठीच आहे.

जॉइनिंग बोनस म्हणून मला एक लाख रुपये मिळायचे होते, ते जुलैच्या पगारासोबत ३१ तारखेला आले. माझे उत्पन्न तीस टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने चार टक्के उपकर धरून ३१.२ टक्के कर कापला गेला आणि प्रत्यक्ष खात्यात ६८,८०० रुपये जमा झाले, जे मी वाकडच्या भाड्याच्या घराच्या डिपॉझिटमध्ये त्याच आठवड्यात घातले. ही माझी पहिली चूक. नवे पत्र हातात असताना त्या पैशांना हात लावायला नको होता, कारण बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास बोनस परत करावा लागेल हे कलम मी सही करताना वाचले होते. बोनस परत करण्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच, तक्रार होती ती आकड्याबद्दल.

११ सप्टेंबरला हिशेबाचा तक्ता आला. वसूल करायची रक्कम १,००,०००, त्यावर अठरा टक्के जीएसटी १८,०००, त्यातून माझा रोखून ठेवलेला ऑगस्टचा निव्वळ पगार ९१,५०० वजा, म्हणजे मीच कंपनीला २६,५०० रुपये द्यायचे होते. ते भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळे केल्याचे पत्र, मिळणार नव्हते, आणि नव्या कंपनीने ते पत्र देण्यासाठी मला पंचेचाळीस दिवस, म्हणजे १९ ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, देऊन टाक आणि मोकळी हो." तिच्या जागी तिचे बरोबर होते, पण मी हातात न आलेले पैसे परत का द्यायचे, हे मला काही केल्या पटेना.

माझ्याकडे कंपनीचे काही बाकी नाही ना, हे दाखवणाऱ्या नो-ड्यूज पोर्टलवर सात ओळी होत्या. लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, वाहनतळाचा पास अशा सहा ओळींपुढे हिरवी खूण आणि सातव्या, वित्त विभागाच्या ओळीपुढे नारिंगी रंगात 'प्रलंबित'. मी तक्रारीचे तिकीट काढले की तिसऱ्या दिवशी ते 'समस्येचे निराकरण झाले' अशा शेऱ्यानिशी आपोआप बंद होत असे, आणि फोन लावला की कधी पेरोल, म्हणजे पगाराचा विभाग, म्हणे एचआरला विचारा, कधी एचआर म्हणे पेरोलकडे आहे. १९ सप्टेंबरला गणपती बसले, त्यानंतर तर दहा दिवस कुणीच जागेवर भेटेना. असली चार तिकिटे बंद झाल्यावर मी तक्रारीचा सूर सोडला आणि दोन परिच्छेदांचा एकच ईमेल दोन्ही विभागांना मिळून लिहिला. तो मी आजही अभिमानाने जपून ठेवला आहे.

पहिला परिच्छेद जीएसटीबद्दल होता. नोकरी मध्येच सोडल्याबद्दल कर्मचाऱ्याकडून कराराप्रमाणे जी रक्कम वसूल होते ती कोणत्याही सेवेचा मोबदला नसल्याने तिच्यावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केलेला आहे. ते परिपत्रक, क्रमांक १७८, मी सोबत जोडले. दुसरा परिच्छेद आयकराचा होता. तुम्ही पूर्ण एक लाख परत घेणार असाल तर ते एक लाख माझे उत्पन्न राहत नाही, मग ते माझ्या करपात्र पगारातून वजा करा, जादा कापलेला कर त्याच आर्थिक वर्षात पुढच्या पगाराच्या कपातीत समायोजित करण्याची मुभा मालकाला १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ मध्ये आहे तिचा उपयोग करा, आणि फॉर्म १६ मध्येही, म्हणजे पगार व कापलेल्या कराच्या वार्षिक प्रमाणपत्रात, तीच कमी केलेली रक्कम दाखवा. तसे केले नाही, तर परत दिलेल्या पैशांवरही मी कर भरलेला राहील.

हा ईमेल गेल्यावर प्रथमच एका माणसाचा, म्हणजे खरोखर नाव लिहून, फोन आला. पेरोलमधल्या त्या गृहस्थांना मुद्दा दोन मिनिटांत कळला. त्यांच्या संगणकप्रणालीत 'रिकव्हरी' हा रकाना करपात्र उत्पन्नाला जोडलेलाच नव्हता आणि जीएसटी तर तिथे जुन्या काळापासून आपोआप लागत होता, एवढी साधी गोष्ट निघाली. ऑगस्टच्या पगारातून कापलेला १७,००० रुपयांचा कर त्यांनी शून्य केला, अठरा हजार काढून टाकले, आणि नवा तक्ता आला तेव्हा मी २६,५०० देण्याऐवजी कंपनीच मला ८,५०० देणे लागत होती. १३ ऑक्टोबरला सातवी ओळ हिरवी झाली आणि संध्याकाळी रिलीव्हिंग लेटर आले. मी ते बसमध्ये उभ्याउभ्या तीनदा वाचले.

जादा कापलेल्या ३१,२०० पैकी १४,२०० रुपये अजून सरकारकडेच होते. त्यासाठी तेव्हा नव्या कंपनीत फॉर्म १२बी भरून आधीच्या नोकरीचा दुरुस्त पगार आणि कापलेला कर कळवावा लागे, मग उरलेल्या महिन्यांच्या कपातीत ते जमा धरले जात. अशी माहिती रुजू झाल्याबरोबर न देता दुरुस्त तक्ता हाती आल्यावरच द्यावी, नाहीतर चुकीचे आकडे पुढे सरकतात.

आणखी काही गोष्टी मागाहून आठवल्या. दोन महिन्यांची नोकरी बायोडेटातून गाळण्याचा सल्ला मला तिघांनी दिला होता, पण यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकाच्या, सेवा-तपशिलात ती नोंद राहतेच, त्यामुळे लपवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. तिथे नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने भरली आहे का, हे पाहावे. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी वापरून आपली आपल्याला भरता येते, आणि ही तारीख नव्या नोकरीच्या रुजू तारखेच्या आधीची असली पाहिजे, नाहीतर पीएफ हस्तांतरात घोळ होतो. लॅपटॉप परत करताना चार्जरची वेगळी पोच मी कागदावर सही घेऊन ठेवली होती, तिने मला एका दिवसाची तरी कटकट वाचवली. आणि सर्वांत आधी सांगायला हवे होते ते हे, की नव्या कंपनीशी पगार ठरवतानाच जुन्या बोनसची भरपाई मागावी. मला ती सुचली तेव्हा मी सही करून बसले होते.

जून २०२४ मध्ये जुन्या कंपनीचा फॉर्म १६ आला. जेवणाच्या सुटीत उघडून पाहिले, त्यात ते एक लाख कुठेही नव्हते.