चोरी टिपणवहीतच सुरू होते

"किती टक्के चालतं?" प्रबंधाचं काम सुरू झालं की नाशिकमधल्या कुठल्याही महाविद्यालयात हा प्रश्न हमखास कानावर येतो. म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनाशी किती टक्के साम्य खपून जातं? आकडे आधी सांगून टाकू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रत देताच येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भासह अवतरणचिन्हांत दिलेला मजकूर, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाणित सूत्रं हे सगळं मोजणीतून वगळतात. वर्गातले असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट या टप्प्यांत येत नाहीत. तिथे महाविद्यालय ठरवेल ते.

पण टक्का सांगतो ते एवढंच, की शब्द जुळले. इंग्रजी लेखातले चार परिच्छेद मराठीत उतरवले आणि मूळ लेखकाचं नाव गाळलं, तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल बहुधा स्वच्छ येतो. तरीही ती चोरीच. मराठी माध्यमातल्या कामात ही गोष्ट फार दिसते आणि तिच्याकडे फार काणाडोळा होतो. उलट नमुना निवडीचं ठरावीक वर्णन जुळलं म्हणून अहवालात रंगून येतं, त्यात गैर काही नसतं. म्हणून अहवाल उघडला की आकडा बाजूला ठेवावा आणि रंगवलेला एकेक भाग मूळ मजकुराशेजारी ठेवून वाचावा.

मुळात घोळ होतो तो टिपणं काढताना. आठ-दहा पीडीएफमधून कॉपी-पेस्ट करून एक वर्ड फाइल बनते. दोन महिन्यांनी ती उघडली की त्यातलं वाक्य आपलं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं, हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे. कोणताही स्रोत वाचायला घेतला की टिपणाच्या माथ्यावर आधी लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, लिंक आणि पाहिल्याची तारीख लिहायची. जसंच्या तसं घेतलेलं वाक्य त्याच क्षणी अवतरणचिन्हांत टाकायचं, पुढे पान क्रमांक. आपल्या शब्दांतला सारांश वेगळ्या शाईत किंवा वेगळ्या रंगात, त्यालाही पान क्रमांक. स्वतःला सुचलेलं काही असेल तर त्यापुढे 'माझं' असं लिहायचं.

आता शब्दांतराचं बघू. समजा मूळ वाक्य असं आहे: "उन्हाळ कांदा चाळीत चार ते सहा महिने साठवता येतो, मात्र हवा खेळती न राहिल्यास सड व कोंब यांमुळे मोठे नुकसान होते." विद्यार्थी लिहितो: "उन्हाळी कांदा चाळीमध्ये चार-सहा महिने ठेवता येतो, परंतु हवा खेळती नसेल तर सडणे व कोंब फुटणे यांमुळे मोठी हानी होते." 'मात्र'चं 'परंतु' झालं, 'नुकसान'ची 'हानी' झाली, सांगाडा तोच राहिला. खाली संदर्भ दिला तरी हे आपलं लेखन होत नाही. मूळ पान बंद करायचं आणि आपल्या मुद्द्याला त्यातलं काय हवंय तेवढंच लिहायचं: "साठवणुकीतलं नुकसान चाळीच्या रचनेवर अवलंबून असतं; वायुवीजन अपुरं असेल तर सड आणि कोंब वाढतात." मग पान उघडून अर्थ बदलला नाही ना ते तपासायचं आणि संदर्भ द्यायचा. संदर्भ इथेही लागतोच, कारण माहिती दुसऱ्याची आहे.

स्रोत पारखायचा तर उदाहरण घरचंच घेऊ. 'लासलगाव ही आशियातली सर्वात मोठी कांदा बाजारपेठ' हे वाक्य बातम्यांत, भाषणांत, प्रकल्पांत सगळीकडे आहे. मोठी कशात? आवकेत, उलाढालीत, की आवाराच्या क्षेत्रफळात? कोणत्या वर्षी? कोणी मोजलं? पन्नास ठिकाणी सापडलं म्हणजे पन्नास पुरावे झाले असं नाही. एकाचं बघून दुसऱ्याने लिहिलेलं असू शकतं. त्यापेक्षा कृषी पणन मंडळाच्या किंवा अ‍ॅगमार्कनेट या शेतमालाच्या आवक-भावांच्या सरकारी संकेतस्थळावरून ठरावीक वर्षाची आवक घ्यावी आणि तेवढंच विधान करावं. विधान लहान होतं, पण कोणी विचारलं तर सिद्ध करता येतं.

जुन्या स्रोतांचंही तसंच. नाशिक जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८३ चं आहे. त्या काळातली पिकं, रस्ते, बाजार यांसाठी ते मोलाचं. आजच्या लोकजीवनाविषयी त्यातलं वाक्य वर्तमानकाळात उचललं की चूक झालीच. आणि गॅझेटिअर स्वतः न पाहता एखाद्या पुस्तकातून त्यातला उतारा घेतला असेल, तर 'अमुक पुस्तकात उद्धृत' असंच लिहायचं. मूळ ग्रंथ आधी १८४० सालापासूनच्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात विचारून बघावा.

नियतकालिकांबाबत एकच सांगणं: आयएसएसएन क्रमांक ही गुणवत्तेची खूण नव्हे, तो नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण, तीन दिवसांत प्रसिद्धीची हमी आणि आधी फी, असं असेल तर त्यात छापूही नये, त्यातला लेख आधाराला घेऊही नये. 'यूजीसी केअर' असा शिक्का बघूनही थांबू नये; मान्य नियतकालिकांची ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली.

शेवटी संदर्भसूची. एआय चॅटबॉट विचारल्याबरोबर सुबक संदर्भ देतात. लेखक खरे, नियतकालिक खरं, पण अनेकदा तसा लेख अस्तित्वातच नसतो. प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, doi.org या संकेतस्थळावर टाकून बघायचा. भलताच लेख उघडला किंवा काहीच उघडलं नाही, तर नुसता संदर्भ खोडून भागत नाही. त्याच्या आधाराने लिहिलेलं वाक्यही काढायचं, दुसरा खरा स्रोत वाचून हाती येईपर्यंत.