फिजी म्हणजे 'निम्मं इंडिया' नव्हे: लाम्बासा, राम्बी आणि त्या होडीबद्दल

आधी होडीचंच सांगते, कारण जाण्याआधी मला ते कोणीही सांगितलं नव्हतं. फिजीच्या व्हानुआ लेवू बेटाच्या पूर्वेला कारोको म्हणून जागा आहे, त्याच बेटावरच्या सावूसावू गावाहून बस तिथपर्यंत जाते आणि तिथून राम्बी बेटाच्या होड्या मिळतात. उघडी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, वर छप्पर नाही, आणि आम्हाला मिळाली तिच्यात लाइफ जॅकेट एकही नव्हतं. आम्ही दोघी मैत्रिणी उतरलो तसा एक जण पुढे आला, म्हणाला शेअरची होडी गेली, आता अख्खी होडी करावी लागेल. भाव जो सांगितला तो ऐकून पोटात गोळा आला, पण दुपार झाली होती आणि मागे जायला बस नव्हती. पैसे आगाऊ घेतले. आणि मग त्याच 'अख्ख्या' होडीत पिठाच्या पिशव्या, रॉकेलचा कॅन, शाळेची पोरं, दोन आज्या असे सगळे चढले, प्रत्येकाने आपापलं नेहमीचं भाडं दिलं, जे आमच्या भाड्यापुढे काहीच नव्हतं. माणसं चढली याचा अजिबात राग नाही, त्यांचं बेट आहे, त्यांना जायलाच हवं. राग त्या भावाचा आहे आणि तो अजून गेलेला नाही.

वर दुपारचा वारा. मोकळ्या पाण्यात आल्यावर लाटा बाजूने लागायला लागल्या, बादलीने पाणी ओतावं तसं अंगावर येत होतं, पासपोर्ट ड्राय बॅगेत होता म्हणून वाचला. तर पहिला सल्ला हाच: सकाळच्या पहिल्या बसने कारोकोला पोचा, बसमध्येच सामान घेऊन बसलेल्या बायकांना विचारा की त्या होडीला किती देतात, त्यांच्याबरोबरच चढा, आणि पैसे पलीकडे उतरल्यावर द्या. लाइफ जॅकेट सावूसावूतून भाड्याने किंवा उसनं मिळालं तर घेऊनच निघा. पोहता येत नसेल तर ही होडी करू नका, स्पष्ट सांगते.

आता मुळात तिथे का गेलो ते. मुंबईच्या एजंटने पॅकेज विकताना सांगितलं होतं की फिजी म्हणजे निम्मे आपले इंडियन, निम्मे तिथले आदिवासी, हिंदीवर सगळं भागतं, चार दिवस रिसॉर्ट करा आणि या. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. २००७ च्या जनगणनेत ८,३७,२७१ लोकांपैकी सुमारे ५७ टक्के इतौकेई म्हणजे मूळचे फिजियन होते आणि साडेसदतीस टक्के भारतीय वंशाचे. 'निम्मे इंडियन' हे एकेकाळी खरं होतं, १९४६ च्या मोजणीत भारतीय वंशाचे लोक इतौकेईंपेक्षा जास्त भरले आणि पुढे चाळीस वर्षं तसंच राहिलं, पण १९८७ ला लष्कराने सत्ता घेतली, २००० ला पंतप्रधान महेंद्र चौधरींना संसदेतच ओलीस धरलं, आणि प्रत्येक वेळी शिकलेली माणसं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाला निघून गेली. एजंट लोक अजून जुनंच चित्र विकतायत. आणि उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत कोण आहे हे त्यांच्या गावीही नाही: रोटुमाचे लोक, ज्यांची भाषा वेगळी आणि बेट राजधानी सुवाच्या उत्तरेला शेकडो किलोमीटर लांब, चिनी, युरोपियन-मिश्र घराणी, मळ्यांवर आणलेल्या सॉलोमन बेटांवरच्या मजुरांचे वंशज, किओआ बेटावरचे तुवालूचे लोक आणि राम्बीचे बनाबन.

नांदी आणि मामानुथाची बेटं याबद्दल लिहीत नाही, छान होतं, सगळीकडे फोटो आहेत. सुवाहून रात्रीच्या फेरीबोटीने सावूसावू, तीही ठीक, जाड स्वेटर घ्या कारण एसी अंगावर येतो.

सावूसावूहून डोंगर ओलांडून लाम्बासाला बस जाते, ती चुकवू नका. हे उसाचं गाव. साखर कारखाना, हंगामात गेलात तर ऊस भरलेल्या ट्रकांची लाइन, बाजारात भेंडी, दुधी, कढीपत्ता. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या माणसाला पाच मिनिटांत घरी आल्यासारखं वाटेल. पण थांबून बघा. भाजीवाली इतौकेई बाई गिऱ्हाइकाशी हिंदीत भाव करत होती, चांगली घडाघडा हिंदी, आणि शेजारच्या दुकानातले भारतीय आजोबा एका इतौकेई पोराला त्याच्या भाषेत रागावत होते. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांची हिंदी अवधी-भोजपुरी वळणाची आहे, आपली सिनेमाची हिंदी त्यांना सहज कळते पण त्यांचं आपसातलं बोलणं आपल्या कानाला सुरुवातीला पटकन लागत नाही. सुवाच्या बाहेरच्या इतौकेई गावात मात्र हिंदी चालेल असं धरून जाऊ नका, इंग्लिशच बोला.

भारतीय वंशाचे लोक तिथे कसे आले ते लाम्बासात कळतं. १८७४ ला बेटं ब्रिटिशांच्या ताब्यात गेली, पुढच्याच वर्षी गोवराच्या साथीत सुमारे चाळीस हजार फिजियन मेले, आणि गव्हर्नर आर्थर गॉर्डनने ठरवलं की फिजियनांना मळ्यावर जुंपायचं नाही, गाव मोडायचं नाही. मग मळ्यासाठी माणसं भारतातून. १४ मे १८७९ ला लिओनिडास जहाज पोचलं, १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं आली, आधी कलकत्त्याहून, १९०३ पासून मद्रासहूनही. पाच वर्षांचा करार, ज्याला ते गिरमिट म्हणतात. १८८४ ला सिरिया नावाचं जहाज नासिलाईच्या प्रवाळावर आपटून ५९ माणसं बुडाली. गुजराती व्यापारी नंतर स्वतःच्या तिकिटावर आले, त्यामुळे दुकानात भेटलेला पटेल आणि उसाच्या रानातला माणूस यांचा इतिहास एक नाही, सरसकट 'आपले इंडियन' म्हणू नका, त्यांना ते आवडत नाही आणि का आवडावं? त्यांच्या चार-पाच पिढ्या तिथेच गेल्यात. २०१३ च्या राज्यघटनेने सगळ्या नागरिकांना फिजियन हेच नाव दिलं, त्याआधी ते फक्त इतौकेईंचं होतं.

एका ऊसवाल्या काकांच्या ओसरीवर बसलो होतो. जमीन त्यांची नाही. फिजीत जवळजवळ ८७-८८ टक्के जमीन इतौकेई कुळांच्या मालकीची आहे, विकता येतच नाही, फक्त भाडेपट्ट्याने मिळते. १९९७ पासून तीस वर्षांचे पट्टे संपायला लागले आणि कितीतरी घरं उभं पीक, पत्र्याचं घर सोडून सुवाच्या कडेच्या वस्त्यांत गेली. काका शांतपणे सांगत होते, मला मात्र ऐकवत नव्हतं. पण दुसरी बाजूही आहे आणि ती मला तिथेच पटली: हा नियम नसता तर मूळ लोकांची जमीन कधीच मळेवाल्यांच्या घशात गेली असती, हवाईत काय झालं ते बघा.

आपल्या कामाचा मुद्दा असा की मोकळा दिसणारा किनारा, ओढा, धबधबा यालाही जवळजवळ नेहमी मालक आहे. आधी गावप्रमुखाला विचारा. इतौकेई गावात जाताना बाजारातून यांगोनाची म्हणजे कावाची मुळी बांधून घ्या, अर्धा किलो पुरते, पावडर नको, अख्खं मूळच हवं. ती प्रमुखापुढे ठेवायची, याला सेवुसेवु म्हणतात. टोपी आणि गॉगल काढा, खांदे-गुडघे झाका, बायकांनी कमरेला सुलू म्हणजे लुंगीसारखं कापड गुंडाळावं. रविवारी काही म्हणजे काही चालत नाही, चर्च असतं. शनिवारी संध्याकाळी नव्या ठिकाणी पोचायचा प्लॅन करू नका.

आता राम्बी. होडीने एवढा जीव खाल्ला तरी सांगते, सगळ्या प्रवासात सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. इथले लोक मूळचे फिजीचे नाहीत. त्यांचं बेट बनाबा, आज किरिबातीत आहे. १९०० साली तिथे फॉस्फेट सापडलं आणि १९७९ पर्यंत ते बेट खरवडून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांवर पसरलं. युद्धात जपान्यांनी लोकांना हाकलून इतर बेटांवर टाकलं, आणि युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी त्यांना घरी न नेता १५ डिसेंबर १९४५ ला राम्बीला आणून उतरवलं, तंबूत, ऐन वादळाच्या मोसमात. आणि हे राम्बी बेट विकत घेतलं होतं कशाने, तर त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशाने. लंडनच्या कोर्टात केस केली, १९७६ ला निकाल लागला, रॉयल्टीचा मोठा दावा हरले.

इथे गावांची नावं ऐका: ताब्वेवा, उमा, ताबियांग, बुआकोनिकाई. बनाबावरच्या चार गावांचीच नावं, तशीच उचलून आणलेली. बाकी फिजीत भेटल्यावर 'बुला' म्हणतात, इथे 'माउरी'. भाषा किरिबातीची, पासपोर्ट फिजीचा, आणि किरिबातीच्या संसदेत त्यांची एक जागा राखीव. पोरं रग्बी फिजीसाठी खेळतात आणि संध्याकाळी नाचाची तालीम करतात ती बनाबाच्या गोष्टींची. एक म्हातारे गृहस्थ मला नकाशावर बनाबा दाखवत होते, बोट थरथरत होतं, ते स्वतः तिथे जन्मलेले. त्या क्षणी होडीवाला, भाडं, ओले कपडे सगळं विसरले. 'निम्मे निम्मे' म्हणणाऱ्या प्रत्येकाला इथे आणून बसवलं पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी: राम्बी कौन्सिलला आधी कळवून परवानगी घ्या, उगाच जाऊन उभं राहू नका. एटीएम नाही, सगळी कॅश आणि तीही सुट्टी सावूसावूतून. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ लाम्बासातून न्या, नाहीतर कसावा आणि मासे. टॉर्च, ओआरएस, जखमेचं मलम, कारण प्रवाळावर खरचटलं तर लगेच चिघळतं. बससाठी टॅप करायचं कार्ड आधीच घेऊन ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल वादळाचा काळ, २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने काय केलं ते तिथले लोक अजून सांगतात, तेव्हा मे ते ऑक्टोबरच.

विमानाचं: भारतातून थेट नाही. सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून जा. सिडनीमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकीट काढायच्या आधी बघा, एजंटने आम्हाला तेही सांगितलं नव्हतं.

ज्यांच्याकडे दिवस कमी आहेत त्यांनी रिसॉर्टच्या रात्री कापा, राम्बीच्या नको. ते जमणारच नसेल तर निदान लाम्बासा करा. आणि राम्बीहून परतायची होडी आदल्या संध्याकाळी गेस्टहाऊसवाल्यांमार्फत ठरवा, भाडं त्यांच्यासमोर बोला, पहाटेची सांगा. आम्ही तसंच केलं, जातानाच्या भाड्याच्या एका छोट्या हिश्श्यात कारोकोला पोचलो, पाणी सपाट होतं आणि सावूसावूची पहिली बस मिळाली.