आमची वाटचाल : एन्क्वायरीत न लिहिलेल्या गोष्टी

सुरुवातीला आमचं काम निव्वळ व्हॉल्व्ह आणि मोजमापाची उपकरणं पुरवण्याचं होतं. एन्क्वायरी यायची, 'कंट्रोल व्हॉल्व्ह (सिग्नलप्रमाणे कमी-जास्त उघडणारा) ५० एमएम, नग १'. तेवढ्यावर कोटेशन जायचं, माल जायचा आणि मागोमाग तक्रार यायची. परत आलेला माल बेंचवर लावला की बहुतेक वेळा ठणठणीत निघायचा. चूक निवडताना झालेली असायची, नाहीतर बसवताना. म्हणून पुढे कोटेशनच्या आधी आमचे प्रश्न जायला लागले.

सर्वांत जास्त प्रश्न कंट्रोल व्हॉल्व्हबद्दल असतात, कारण 'लाइन ५० ची, म्हणून व्हॉल्व्हही ५० चा' ही सवय काही केल्या सुटत नाही. समजा पाणी ताशी १० घनमीटर आणि व्हॉल्व्हमध्ये होणारी दाबाची घट ४ बार. १० ला ४ च्या वर्गमूळाने, म्हणजे २ ने भागलं की केव्ही ५ (१ बार घटीला ताशी किती घनमीटर पाणी जाईल तो आकडा), सीव्ही (तेच माप अमेरिकन एककांत) सुमारे ५.८. ५० एमएमच्या ग्लोब व्हॉल्व्हचा पूर्ण सीव्ही ४५ च्या आसपास असतो. लिनिअर ट्रिम (जितकं उघडेल त्याच प्रमाणात फ्लो देणारे आतले भाग) असेल तर हा व्हॉल्व्ह जेमतेम १३ टक्के उघडून आयुष्य काढणार. प्लग (आतला हलणारा बोळा) सीटला, म्हणजे त्याच्या बैठकीला, जवळजवळ टेकलेला, त्या फटीतून पाणी जोरात जाऊन सीट कोरतं, आणि सिग्नल जरा हलला की फ्लो उडी मारतो. ऑपरेटर त्याला हंटिंग (सतत वर-खाली होणं) म्हणतो आणि पीआयडी, म्हणजे कंट्रोलरची सेटिंग, ट्यून करत बसतो. इथे २५ एमएमचा व्हॉल्व्ह आणि दोन रिड्युसर (मोठी लाइन लहान व्हॉल्व्हला जोडणारे तुकडे) पुरतात. नेहमीचा फ्लो ६० ते ७० टक्के ओपनिंगला बसावा, असं आम्ही बघतो. त्यासाठी किमान, नेहमीचा आणि कमाल असे तिन्ही फ्लो लागतात, आणि त्या-त्या फ्लोला व्हॉल्व्हच्या आधीचा व नंतरचा दाब. पंपाच्या नेमप्लेटवरचा हेड (पंप किती उंचीपर्यंत पाणी ढकलेल तो आकडा) म्हणजे व्हॉल्व्हच्या तोंडाशी मिळणारा दाब नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. व्हॉल्व्ह चालवणारी हवा गेली तर तो उघडा राहायला हवा की बंद, हेही तेव्हाच ठरवायचं. थंड पाण्याच्या लाइनला सहसा उघडा, वाफेला आणि इंधनाला बंद.

सोलेनॉइडचं, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं, दुखणं वेगळं. पायलट ऑपरेटेड (लाइनच्याच दाबाची मदत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला उघडायला साधारण ०.३ ते ०.५ बार दाबाचा फरक लागतो. टाकीत २ मीटर पाणी असेल तर खाली मिळतो फक्त ०.२ बार. कॉइल खट् वाजते, पाणी येत नाही, मग कॉइल बदलली जाते. पुन्हा तेच. तिथे डायरेक्ट ॲक्टिंगच (फक्त कॉइलच्या जोरावर उघडणारा) हवा.

फ्लोमीटरमध्ये मॅगमीटरला (चुंबकीय क्षेत्र वापरून फ्लो मोजणाऱ्या मीटरला) पाणी चालतं म्हणजे कोणतंही पाणी चालतं, असा समज असतो. सर्वसाधारण मॅगमीटरला किमान ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकता लागते. तेल बाद आणि चांगलं डीएम (क्षार काढलेलं) पाणीही बाद. पाइप कायम भरलेला हवा, इलेक्ट्रोड आडव्या रेषेत हवेत. वर-खाली आले तर वरच्याला हवेचा बुडबुडा लागतो आणि खालच्यावर गाळ बसतो. प्लास्टिकच्या लाइनवर ग्राउंडिंग रिंग (द्रवाला अर्थिंग देणारी धातूची कडी) विसरली की रीडिंग नाचतं.

ऑरिफिस (लाइनमधली भोकाची पट्टी) आणि तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, म्हणजे डीपी, मोजणारा ट्रान्समीटर असेल तर एक दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. फ्लो डीपीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, म्हणून वर्गमूळ एकदा काढावं लागतं; पण ते ट्रान्समीटरमध्येही लावलेलं असतं आणि डीसीएसमध्येही (प्लांटच्या कंट्रोल कॉम्प्युटरमध्येही). शून्याला आणि १०० टक्क्यांना दोन्हीकडे बरोबर दिसतं, म्हणून त्या दोनच बिंदूंवर तपासलेलं कॅलिब्रेशन पास होतं. मधला बिंदू तपासायचा. हँडपंपाने रेंजच्या २५ टक्के डीपी द्या. स्क्रीनवर ५० टक्के फ्लो आला तर ठीक. ७०.७ आला तर वर्गमूळ दोनदा काढलं जातंय, २५ आला तर कुठेच नाही. पाच मिनिटांचं काम, पण कमिशनिंगच्या घाईत हटकून राहतं.

इम्पल्स लाइनबद्दल, म्हणजे पाइपमधला दाब ट्रान्समीटरपर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्यांबद्दल, थोडक्यात. द्रवाला टॅपिंग (पाइपला नळी जोडायची जागा) बाजूने आणि ट्रान्समीटर खाली, वायूला टॅपिंग वरून आणि ट्रान्समीटर वर, वाफेला ट्रान्समीटर खाली आणि दोन्ही कंडेन्सेट पॉट (वाफेचं पाणी साठवणारी भांडी) एकाच पातळीत. उतार १२ ला १ तरी द्या.

'रीडिंग एका ठिकाणी अडकतं' ही तक्रार आली की आधी लूपचा, म्हणजे ट्रान्समीटरचा ४ ते २० मिलिअँपिअर सिग्नल वाहणाऱ्या सर्किटचा, हिशेब मांडतो. सप्लाय २४ व्होल्ट. २० मिलिअँपिअरला सिग्नल वाचणाऱ्या २५० ओहमवर ५ व्होल्ट खर्च, बॅरिअर (स्फोटक भागात वीज मर्यादित ठेवणारं उपकरण) ३०० ओहमचा असेल तर आणखी ६. उरले १३. लांब केबल आणि लूपमध्येच टाकलेला फील्ड इंडिकेटर यांचा वाटा गेला की ट्रान्समीटरला त्याची किमान गरज, समजा १२ व्होल्ट, तेवढेही उरत नाहीत. करंट वाढला की हा खर्चही वाढतो; खालचं रीडिंग अचूक आणि वरचं मध्येच थांबतं, ते यामुळे. ट्रान्समीटर बदलून काही होत नाही. मल्टिमीटर लावायचा तो ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर, पॅनेलमध्ये नाही.

बसवताना आमचा एकच आग्रह असतो, नवी लाइन फ्लश होईपर्यंत (पाण्याने धुवून निघेपर्यंत) व्हॉल्व्ह खोक्यातच राहू द्या. त्याच्या जागी स्पूल पीस (तेवढ्याच लांबीचा पाइपचा तुकडा) टाका, फ्लशिंग उरका, मग व्हॉल्व्ह चढवा. वेल्डिंगचा एक खडा सीटवर अडकला की नव्या व्हॉल्व्हलाही गळती लागते. आणि वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प व्हॉल्व्हच्या पलीकडे लावू नका. करंट व्हॉल्व्हमधून जातो.

व्हॉल्व्ह अडखळतो, पोझिशनर (सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्ह हलवणारं उपकरण) बदलून द्या, अशी मागणी आली तर आधी सिग्नल १-१ टक्क्याने वाढवून स्टेमकडे (प्लग हलवणाऱ्या दांड्याकडे) बघायला सांगतो. चार-पाच पायऱ्या स्टेम हललाच नाही आणि मग एकदम उडाला, तर ग्लँडचे (स्टेमभोवतीचं पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागाचे) नट बघा. गळती थांबवायला कुणीतरी पान्याने आवळलेले असतात. तेही ठीक असतील तर एअर रेग्युलेटरचा गेज पाहा.

आता कोटेशनच्या आधी आमचा एक पानी फॉर्म जातो. बरेचदा तो एक चौकट रिकामी ठेवून परत येतो, व्हॉल्व्हनंतरच्या दाबाची. ती भरल्याशिवाय आम्ही साइज कळवत नाही. तिथे गेजच नसेल तर आधी गेज बसवून घ्यायला सांगतो.