ज्युदोचा क्लब ओळखायचा तो पडण्यावरून

मुलाला किंवा मुलीला ज्युदोला घालायचं ठरलं की पालक पहिल्यांदा विचारतात, "ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळतो?" दुसरा प्रश्न स्पर्धांचा असतो. हे दोन्ही पुढे कधीतरी विचारले तरी चालतात. क्लब बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या पदकांकडे लक्ष देऊ नका. मॅटच्या कडेला अर्धा तास बसा आणि नवी मुलं कशी पडतात, जुनी मुलं त्यांना कशी पाडतात, एवढंच बघा.

पडण्याचा सराव म्हणजे उकेमी. ती चार तऱ्हेची: मागे, बाजूला, सरळ पुढे आणि पुढे लोळून. शेवटच्या प्रकाराला बऱ्याच क्लबांत नुसतं रोलिंग म्हणतात. मागे पडणं शिकायचं ते झोपूनच. पाठीवर झोपा, गुडघे वर घ्या, हनुवटी छातीला लावा, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर. दोन्ही हात छातीवर फुली करून उचला आणि मॅटवर मारा. तळवे खाली, बोटं जुळलेली, हात अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर. हात खांद्याच्या रेषेपर्यंत वर गेला तर धक्का खांदा खातो; अंगाला चिकटून राहिला तर कोपर पाठीखाली सापडतं. संपूर्ण हात एकाच क्षणी टेकायला हवा, आणि हे कानाने कळतं. बरोबर बसला की एकच भरीव 'धप्प' येतो, कोपर आधी टेकलं की दोन आवाज येतात. चांगले सर पाठमोरे उभे असले तरी कोणाचं चुकलं ते सांगतात.

झोपून जमलं की बसून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, आणि शेवटी जोडीदाराने हलकंच ढकलल्यावर. उकिडव्यावरून पडताना ढुंगण टाचांच्या अगदी जवळ टेकवायचं, म्हणजे पाठ खालून वर गोल फिरत जाते. लांब टेकवलं की माकडहाड आपटतं आणि त्याच झटक्यात मान मागे जाते. डोकं मॅटला लागता कामा नये, हलकंसुद्धा नाही. दमल्यावर पहिली सुटते ती हनुवटी. म्हणून उकेमी फक्त सुरुवातीला उरकून टाकणं पुरेसं नाही. तासाच्या शेवटी, घामाघूम झाल्यावर, पुन्हा दहा-पंधरा ब्रेकफॉल घ्यायला हवेत. मानेचे व्यायाम रोज हवेत ते त्यासाठीच.

रोलिंगमध्ये मुलं वेगळ्या ठिकाणी चुकतात. उजव्या बाजूने जायचं तर उजवा हात धनुष्यासारखा वळवून करंगळीची कड मॅटकडे ठेवायची आणि हात, खांदा, पाठ, डावी कंबर अशा तिरक्या रेषेत लोळायचं. मधेच कोपर मोडलं की सगळं वजन खांद्याच्या टोकावर येतं आणि हसळी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडू शकते. लोळून आडवं झाल्यावर पाय एकमेकांवर पडू द्यायचे नाहीत. घोटा घोट्यावर किंवा गुडघा गुडघ्यावर आपटला की आठवडाभर सुजतो.

सगळ्यात घातक सवय म्हणजे पडताना हात टेकवणं. ती उपजतच असते, म्हणून ती मोडायला वेळ द्यावा लागतो. ताठ हातावर अंग आलं की मनगट, कोपर किंवा हसळी यांपैकी एक जातं. तालमीतून आलेल्या मुलांकडे इथे जास्त लक्ष द्यावं लागतं. त्यांची मान तयार असते, तोल उत्तम असतो, धोबीपछाड येत असली तर तिच्यासारखीच सेओई-नागे त्यांना लवकर कळते. पण कुस्तीत पाठ टेकली की चितपट, त्यामुळे हवेतच वळून पोटावर किंवा हातावर उतरायचं हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. ज्युदोतही पाठीवर जोरात पडलं की समोरच्याला इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण, मिळतो, पण पाठ वाचवायला डोक्यावर उतरणाऱ्याला थेट बाद करतात. सरावात तर पाठ वाचवण्याचं काही कारणच नाही. या मुलांना पहिले काही आठवडे मुद्दाम सांगून पाडावं लागतं. पट काढायची सवयही सोडावी लागते, कारण उभ्याने खेळताना कमरेखाली हात घालणं आता ज्युदोत चालत नाही.

आता पाडणाऱ्याकडे वळू. त्याला तोरी म्हणतात, पडणाऱ्याला उके. नवख्या उकेचं डोकं वाचवणं ही निम्मी जबाबदारी तोरीची असते, आणि हे फार कमी ठिकाणी स्पष्ट सांगितलं जातं. ओ-सोतो-गारीचं उदाहरण घ्या, कारण बहुतेक क्लबांत पहिल्या दोन-तीन डावांत तो असतोच. उजव्या हाताचा खेळाडू डाव्या हाताने उकेची उजवी बाही कोपराजवळ धरतो आणि उजव्या हाताने त्याची डावी कॉलर हसळीच्या उंचीवर. आधी उकेचं वजन त्याच्या उजव्या टाचेवर आणायचं. मग डावं पाऊल त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेर, साधारण त्याच रेषेत टाकायचं, छाती छातीला भिडवायची आणि उजवा पाय पुढून मागे झोकून मांडीने मांडी उडवायची. पाऊल अलीकडेच राहिलं आणि तोरी मागे झुकला की उके तोच डाव उलटवतो. हे झालं तंत्र.

डाव बसला की बाहीचा हात सोडायचा नाही, उलट वर ओढून धरायचा. उकेचा तो हात ताणलेला राहिला की त्याची वरची पाठ थोडी उचललेली राहते आणि डोकं मागे आपटत नाही. बाही सुटली, किंवा तोरी स्वतःच उकेच्या अंगावर कोसळला, तर हनुवटी कितीही आवळली तरी उपयोग नाही. जपानमध्ये १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यांत मोठा वाटा डोक्याच्या दुखापतींचा होता. मरणारी बरीचशी मुलं शाळेच्या ज्युदोत पहिल्याच वर्षाला होती, आणि ओ-सोतो-गारीचं नाव पुन्हा पुन्हा येत गेलं. डोकं मॅटला न लागताही नुसत्या जोराच्या झटक्याने मेंदूवरची शीर फाटू शकते. म्हणून डोक्याला मार बसलेलं मूल "मी ठीक आहे" म्हणालं तरी त्या दिवशी परत मॅटवर जात नाही. डोकेदुखी वाढली, उलटी झाली, गुंगी आली तर सरळ हॉस्पिटल. आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नागेकोमी (प्रत्यक्ष पाडण्याचा सराव) आणि रांदोरी (सरावातली मोकळी झुंज) बंद.

नवख्यांना हा डाव आधी गुडघ्यावर बसलेल्या उकेवर किंवा जाड क्रॅश मॅटवर द्यावा. उचिकोमी, म्हणजे शेवटी न पाडता डावात शिरण्याचा सराव, दहा-दहाच्या पाच फेऱ्या पुरेशा आहेत. वेग वाढवायची घाई मुलंच करतात. मग पाऊल आखूड पडतं, मान खाली जाते, आणि तेच हजार वेळा घोटलं जातं. उकेनेही उचिकोमीत ताठ उभं राहून अडवायचं नाही आणि मदत म्हणून आधीच उडीही मारायची नाही.

मॅटविषयी थोडं. स्पर्धेच्या तातामी, म्हणजे ज्युदोच्या मॅट, १ बाय २ मीटरच्या आणि ४ सेंटिमीटर जाड असतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी कडेचे दाते एकमेकांत अडकवून जोडायच्या फोमच्या मॅट असतात, आणि शाळेच्या हॉलमध्ये त्या रोज घालून रोज उचलाव्या लागतात. फोम चालतो, पण पातळ असला आणि खाली थेट फरशी असली तर त्यावर उभ्याने पाडू नये. बोटाने दाबून बघा, खालची फरशी कठीण लागली तर ती मॅट जमिनीवरच्या खेळापुरतीच. मॅटमधल्या फटी दर वीस मिनिटांनी पायाने सरकवून बंद करायच्या. पायाची करंगळी तिथेच अडकते. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एइशो-जी मंदिरात अवघ्या १२ तातामींवर कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली. जागा लहान असली म्हणून शिकवणं अडत नाही, गर्दीने अडतं. ६ बाय ६ मीटरवर उभ्याने रांदोरी तीन जोड्यांची. बाकीच्यांनी कडेला गुडघ्यावर बसायचं, पाय पसरून नाही, नाहीतर पडणारा त्यांच्याच पायावर येतो.

रांदोरीची सुरुवात जमिनीवरून करावी. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, "हाजिमे" म्हटलं की वळायचं. त्यात पडणं नसतं, मुलं जोर लावायला शिकतात, आणि समोरच्याने हार मानून दोनदा थाप मारली की त्याच क्षणी सोडायचं हे अंगवळणी पडतं. उभ्याने रांदोरी तीन-चार महिन्यांनी, आणि आधी जुन्या, वजनाने जवळच्या मुलांबरोबर. दोन नवखे एकमेकांसमोर कधीच नकोत. तानी-ओतोशी, म्हणजे समोरच्याच्या मागे बसत त्याला मागे पाडायची डाव, तर हिरवा पट्टा मिळेपर्यंत रांदोरीत बंदच असावी असं माझं ठाम मत आहे. मागे सरकून बसण्याऐवजी मुलं समोरच्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर बसतात आणि आतला लिगामेंट जातो.

ड्रेसबद्दल, म्हणजे गीबद्दल: नवख्याला हलका, एकेरी विणीचा गी बरा. सुती असल्याने पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून बाही मनगटाच्या थोडी पुढे येईल असा घ्यावा. गार पाण्यात धुवायचा, ब्लीच टाकायचं नाही. पावसाळ्यात जाड गी दोन दिवसांतही वाळत नाही, आणि दमट गी पिशवीत कोंबून पुन्हा घातला की गजकर्ण आलंच. ते मॅटवरून आणि अंगाला अंग घासून अख्ख्या क्लबात पसरतं. जून ते सप्टेंबर दोन गी लागतातच. घरी गेल्या गेल्या अंघोळ, नखं आठवड्यातून एकदा बोटाबरोबर कापलेली, मॅटबाहेर पाऊल टाकताना चप्पल. मॅट रोज पुसून पूर्ण वाळल्यावरच रचायच्या. खाजणारा गोल चट्टा दिसला तर मेडिकलमधून कुठलीही ट्यूब आणू नका. त्यांतल्या पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं. चार दिवस चट्टा फिका पडतो आणि मग दुप्पट पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, औषधाचा कोर्स पुरा करा आणि डॉक्टर सांगेपर्यंत मॅटवर येऊ नका. मुलाला "तू घाण आहेस" असं वाटेल अशा पद्धतीने मात्र घरी पाठवू नये.

राहता राहिल्या स्पर्धा. ऑल जपान ज्युदो फेडरेशनने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली, कारण जिंकण्याच्या नादात पालक आणि प्रशिक्षक मुलांना दामटत होते. आपल्याकडे ज्युदो सुरू करून दोनच महिने झालेलं मूलही जिल्हा स्पर्धेला उतरवतात. चारही प्रकारची उकेमी थकलेल्या अंगाने बिनचूक येईपर्यंत स्पर्धा नको. वजनगटासाठी लहान मुलांचं पाणी तोडणं तर अजिबात नको. वजन एक किलो जास्त भरलं तर वरच्या गटात खेळू द्यावं. तिथे हरेल कदाचित, पण नीट पडेल.