कुंडीतला अरोकेरिया: फेब्रुवारी ते सप्टेंबर

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अरोकेरिया. मूळ नॉरफोक बेटावरचं, समुद्राचा वारा खाणारं झाड. कोल्हापुरात ते उन्हाने क्वचित मरतं. मरतं ते जुलैत कुंडीत साचलेल्या पाण्याने. म्हणून खरं काम मिरगाच्या आधी उरकायचं.

फेब्रुवारी: पिशवीतून 12 इंची मातीच्या कुंडीत. पिशवीच्या तळाशी मुळं गोल फिरलेली होती. ती बोटांनी सैल केली, कात्री लावली नाही. या झाडाला मुळांची छाटणी सोसत नाही. एका पिशवीत दोन-तीन रोपं असली तर ओढून वेगळी करू नयेत. कमजोर असेल ते मातीलगत कापावं.

मिश्रण असं: तांबडी माती 2 भाग, कोकोपीट 1, जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे 1, जुनं शेणखत अर्धा भाग. शेतातली काळी माती नको. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. शिरोलीकडच्या फाउंड्रीतली वापरलेली वाळू फुकटात मिळते म्हणून घरी आणणारेही आहेत. तिच्यात बेंटोनाइट, म्हणजे पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती, आणि कोळशाची पूड असते. निचऱ्यासाठी वाळू घालायची आणि तीच पाणी धरून बसायची, असला उलटा कारभार.

एप्रिल-मे: सकाळचं ऊन चालतं, दुपारी 50 टक्क्यांची शेडनेट. वरची इंचभर माती कोरडी झाल्यावरच पाणी, आणि तेही तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं करपतात. अशा वेळी खत वाढवू नये. गोड्या पाण्याने कुंडी दोनदा सावकाश धुऊन काढावी.

याच दिवसांत लाल कोळी येतो. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली की ठिपके पडतात. ते चालायला लागले तर कोळीच. निंबोळी तेल 5 मिली, पातळ साबण 1 मिली, पाणी 1 लिटर. संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

जून ते ऑगस्ट: कुंडी विटांवर उचलून पत्र्याच्या कडेला, उजेड मिळेल पण थेट पाऊस लागणार नाही अशी. खालची ताटली काढून टाकली. खत बंद. सर्वांत खालचा मजला, म्हणजे एकाच पातळीवरच्या फांद्यांचा गोल, पिवळा पडून मऊ झाला आणि माती ओलीच असली, तर मूळकूज समजावी. तांबूस, कुरकुरीत झाला तर तहान. दोन्हीत फांदी गळते, उपाय मात्र उलटे, त्यामुळे आधी मातीत बोट घालावं. गळलेल्या जागी नवी फांदी फुटत नाही, खालचा भाग कायमचा उघडा राहतो.

ऑगस्टअखेर शेंड्याच्या बुडाशी पाच फिकट पोपटी कोंब दिसले, तांदळाच्या दाण्याएवढे, एकाच पातळीवर गोलाकार. हाच पुढचा मजला. कोंब दिसताना शेंड्याला हातही लावू नये. तो मोडला तर झाडाचा सरळपणा जातो.

सप्टेंबर: 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीवरच. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवायची, नाहीतर झाड खिडकीकडे झुकतं. नर्सरीत अरोकेरियाच्या नावाने कॉलम्नारिस ही जातही खपते. ती तर जमिनीत लावली तरी विषुववृत्ताच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला, कलते.

मोठी कुंडी मुळं तळातून डोकावल्यावरच, आणि तीही एका मापानेच मोठी. रोपं वाढवायची हौस असेल तर बाजूची फांदी लावू नये: ती रुजते, पण आयुष्यभर आडवीच वाढते. उभं झाड हवं तर ताजं बी किंवा शेंड्याची काडी.