गहू सोडायच्या आधी तपासणी करा – माझा अनुभव

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. पोट बिघडतं म्हणून गहू सोडायचा विचार करत असाल, तर सोडायच्या आधी रक्ताची एक तपासणी करून घ्या. टीटीजी आयजीए तिचं नाव. गव्हामुळे आतडं बिघडवणारा सिलिॲक नावाचा आजार आहे का, हे तिच्यातून कळतं. गहू रोज पोटात जात असतानाच ती करायची असते. मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही. त्यापायी ६५ दिवस, रोज चार पोळ्या, त्रास होतो हे माहीत असूनही मी खाल्ल्या. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. कापूस, तूर, सोयाबीन. माझं वय ४३. पोटाचा त्रास सहा-सात वर्षांचा: जेवलं की तासाभरात पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, मुरडा यायचा आणि लगेच पळावं लागायचं. जाऊन आलं की पोटाला आराम पडायचा, पुढच्या जेवणापर्यंत. घरात असलं तर ठीक. पण कापूस वेचायला गेलेली बाई अर्धी पाथ सोडून कुठे जाणार? आजूबाजूला दहा बायका, उघडं वावर, आडोसा म्हणजे तुरीच्या ओळी. मी वेचणीच्या दिवशी सकाळी काही न खाताच जायचे आणि दुपारी चक्कर यायची.

गोळ्या खूप झाल्या, त्या सांगत बसत नाही. आयबीएस आहे, आतड्यांना कुठे जखम-गाठ नाही, पण ती नाजूक झाली आहेत, एवढं एका डॉक्टरांनी समजावलं होतं. मग अक्षय तृतीयेला माहेरी गेले, तिथे वहिनी म्हणाली, "महिनाभर पोळी सोडून पाहा ना." सोडली. ज्वारीची भाकर, भात, मुगाचं वरण, ताक. पंधरा-वीस दिवसांत फरक कळला. रात्री साडीची गाठ सैल करावी लागेना. पोळ्याला पुरणपोळी खाल्ली आणि दोन दिवस आडवी झाले, तेव्हा खात्रीच पटली की गहूच वैरी.

सासूबाईंना मात्र ते पटलं नव्हतं. "पोयी सोडली अन् अंगात काय रायलं तुयाच्या? अर्धी झाली तू," त्या रोज म्हणायच्या. त्यांचं सगळंच चूक नव्हतं. माझं हिमोग्लोबिन ८.९ होतं आणि लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही वर सरकत नव्हतं. त्यासाठीच मुलीने नागपूरला पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. मुलगी नर्सिंगला आहे.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गहू सोडण्याआधी सिलिॲकची तपासणी केली होती का?"

नव्हती केली. नावही ऐकलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. सिलिॲक हा वेगळा आजार आहे. त्यात गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. अस्तर झिजलं की लोह अंगी लागत नाही. पोटाची लक्षणं आयबीएससारखीच दिसू शकतात. पंजाब-हरियाणाकडे तो जास्त सापडतो, आपल्याकडे कमी, पण नाहीच असं नाही. तो असेल तर गहू जन्मभर पूर्ण बंद, चिमूटभरही नाही. तो नसेल आणि नुसतं आयबीएस असेल तर एवढं कडक पाळायची गरज नसते. म्हणजे माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं जेवण या एका रिपोर्टवर होतं. या हल्ल्यात रक्तात अँटिबॉडी तयार होतात, तपासणी त्याच मोजते. आणि गहू बंद असला की त्या हळूहळू उतरतात, मग आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. पोळ्याची ती पुरणपोळी वगळता चार महिने मी गहू खाल्ला नव्हता. त्या दिवशी रक्त देऊन उपयोग नव्हता.

"सहा आठवडे रोज दोन्ही वेळा पोळी खा, मग रक्त द्या. आणि रिपोर्ट येईपर्यंत बंद करू नका. पॉझिटिव्ह आला तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घ्यावा लागेल, त्यालाही गहू चालू लागतो."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. सहा-सात वर्षांनी कुठे बरं वाटायला लागलं होतं.

पण सुरू केलं. पहिल्या आठवड्यातच जुने दिवस परत आले. नवरात्राचे उपवास वीस वर्षांत पहिल्यांदा मोडले, कारण भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा यांत गहू नसतो आणि मला गहू तर चुकवायचा नव्हता. घटासमोर बसून पोळीचा घास घेताना फार वाईट वाटलं. कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी मी पोळीच्या रेघा मारत होते, रोज चार. ह्यांनी त्या दिवसांत पहाटेचं पाणी भरणं, गोठा, सगळं स्वतःकडे घेतलं. हे मी विसरणार नाही.

सहा आठवडे धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी भरले. दर वेळी नागपूर परवडत नाही म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका लॅबमध्ये गेले. ती रक्त घेऊन मोठ्या शहरात पाठवते. आणि इथून पुढे माझी खरी परीक्षा सुरू झाली.

चिठ्ठी बघून काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ॲलर्जीची टेस्ट आहे का ही?" मी म्हटलं, नाही, सिलिॲकची. त्याने दरपत्रकावर बोट फिरवलं, कुणाला तरी फोन लावला आणि सांगितलं, उद्या उपाशीपोटी या. म्हणजे एक फेरी वाया. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या एसटीने चहासुद्धा न घेता गेले. साडेनऊपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. नंतर कळलं की या तपासणीला उपाशी राहायची गरजच नसते. रक्त घेतलं, १,२५० रुपये घेतले, "चार दिवसांत मोबाइलवर येईल" म्हणाले.

चार दिवस गेले. फोन केला. "ताई, वरून आला नाही अजून." सहाव्या दिवशी तेच. भाऊबीज झाली, नवव्या दिवशी मी स्वतः जाऊन उभी राहिले. तेव्हा त्याने खालचा खण उघडला, वही काढली आणि मान वर न करता म्हणाला, "सॅम्पल खराब झाला, पुन्हा द्या लागेल." दिवाळीच्या सुट्ट्यांत रक्ताच्या नळ्यांची बॅग निघालीच नव्हती. नऊ दिवसांत माझा नंबर लावून एवढं सांगायला कुणाला सवड झाली नाही. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्यासाठी ती एक नळी आहे. मी त्या नऊ दिवसांत छत्तीस पोळ्या खाल्ल्या." त्याला त्याचा अर्थ कळला नाही.

पुन्हा रक्त दिलं. सहा दिवसांनी रिपोर्ट आला. मी आनंदाने मुलीला पाठवला, तिचा दोन मिनिटांत फोन. "आई, हा आयजीजी आहे. सरांनी आयजीए लिहिलं होतं." चिठ्ठी काढून पाहिली. स्पष्ट आयजीए, आणि खाली टोटल आयजीए. लॅबच्या फॉर्मवर मुलाने नुसतं 'टीटीजी' लिहिलं होतं, टोटल तर लिहिलंच नव्हतं, आणि पुढे कुणीतरी मनानेच आयजीजी धरलं. आयजीए आणि आयजीजी हे अँटिबॉडीचे दोन वेगळे प्रकार. काही जणांच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं, त्यांच्याच बाबतीत आयजीजीचा खरा उपयोग. ते कमी आहे का हे बघायला टोटल आयजीए. माझं ते बघितलंच नव्हतं, तर माझ्या हातातला कागद काय कामाचा?

त्या रात्री मी झोपले नाही. पोटही दुखत होतं. ह्यांनी म्हटलं, "सोड आता, होत नाई तं नाई. कापूस फुटला आहे, रोज रोज कुठं जातं?" सोडून दिलं असतं तर आधीचे दोन महिने मातीत गेले असते. म्हणून तीन दिवसांनी, वेचणीची मजुरी बुडवून, तिसऱ्यांदा रक्त द्यायला गेले.

या वेळी मी काउंटरवरून हललेच नाही. आधी त्यांनी पुन्हा पैसे मागितले, तेव्हा सांगितलं, चूक तुमची, आयजीएचे पैसे मी दोनदा दिलेत, फक्त टोटलचे घ्या. आवाज चढला. आतून एक वयस्क सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, फॉर्म माझ्यासमोर फाडला आणि नवा भरला, पूर्ण नावं लिहून. मला वाचायला दिला. मग बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, "माय, बॅग दोन वाजताच्या गाडीनं जाते. सोमवार ते गुरुवार, बाराच्या आत देत जा. शनिवारी देऊ नको." पहिल्याच दिवशी हे कुणी सांगितलं असतं तर! पाच दिवसांत रिपोर्ट आला.

म्हणून, तपासणीला जाणार असाल तर फॉर्म भरून झाला की तो मागून घ्या, चिठ्ठीशी शब्द जुळवा, मोबाइलवर फोटो काढा. नळीवर तुमचं नाव डोळ्यांनी वाचा. लाजू नका.

रिपोर्ट निगेटिव्ह. टोटल आयजीए व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, सिलिॲक नाही असं धरून चालू. हिमोग्लोबिनचं कारण माझ्या पाळीत निघालं, त्याचे उपचार वेगळे चालू आहेत आणि आता ते ११ वर आहे.

मग गहू सोडल्यावर बरं का वाटलं होतं? तर ग्लूटेन हे गव्हातलं प्रथिन, पण गव्हात फ्रक्टन नावाची एक साखरेची साखळीही असते. ती लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि वायू धरते. ज्यांची आतडी नाजूक त्यांना तो वायू सोसत नाही. नॉर्वेत ५९ जणांवर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. सगळे आपणहून ग्लूटेन सोडलेले, सिलिॲक नसलेले. त्यांना कशात काय आहे हे न सांगता खाऊ दिला, तर ग्लूटेनपेक्षा फ्रक्टनने जास्त त्रास झाला. मुलीने वाचून दाखवलं तेव्हा मला एकदम माझा कांदा आठवला. कांद्यात, लसणातही हेच फ्रक्टन. चार महिने मी पोळी सोडली होती, पण झुणका-भाकर खाल्ली की मधूनमधून बिघडायचंच, आणि मी भाकरीवर संशय घ्यायचे. खरा दोष झुणक्यातल्या कांद्याचा, आणि थोडा बेसनाचाही.

आता मी एक पोळी खाते, फार तर दुसरी, तिसरी कधीच नाही. कांद्याची पात घेते, पण फक्त हिरवा भाग. लसूण तेलात परतून काढून टाकते. वास तेलात उतरतो आणि फ्रक्टन तेलात विरघळत नाही. डाळभाजी चालते, तूर कमी, मूग जास्त. एकेक पदार्थ तीन-तीन दिवस खाऊन बघितला आणि वहीत लिहिला, त्यातून हे ठरलं. तुमचं वेगळं निघेल. जन्मभर सगळंच बंद ठेवू नका असं डॉक्टरांनीही बजावलं.

मारोतीच्या पारावर गव्हाच्या रोडग्यांचा स्वयंपाक असतो तेव्हा मी एक रोडगा घेते, वांग्याची भाजी कांदा-लसणाची म्हणून थोडीच, आणि वर भात. कुणाला वाईट वाटत नाही.

ज्यांना सिलिॲक खरंच निघालं त्यांनी चक्कीकडे लक्ष द्यावं. गव्हावर ज्वारी दळली की त्यात गव्हाचं पीठ येतंच. आयबीएसवाल्याला तेवढ्याने काही होत नाही, सिलिॲकवाल्याला होतं. चक्की वेगळी नसेल तर घरचं जातं बरं. बाजारातल्या हिंगातही बऱ्याचदा मैदा असतो, पाकिटावर वाचून घ्या. सातूचं पीठ म्हणजे आपल्याकडे गहू आणि फुटाणे, ते विसरायला होतं. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेल्या मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. पण तो माल महाग. ज्वारी, तांदूळ, भगर, नाचणी असताना त्याची गरज पडत नाही.

ज्वारी आता आमच्याकडे कुणी फारशी पेरत नाही. पाखरं आणि रानडुकरं ठेवत नाहीत. या वर्षी ह्यांनी धुऱ्यालगत चार तासं टाकली, घरापुरती.

परवा शेजारच्या काकूंच्या नातीला घेऊन मी त्याच लॅबमध्ये गेले. पोरगी अकरा वर्षांची, वाढ खुंटलेली, पोट सतत वर. काकू तिची पोळी बंद करणार होत्या, मी थांबवलं. सोमवारचा दिवस धरला. सकाळी तिला दोन पोळ्या आणि दूध दिलं आणि साडेआठच्या एसटीत बसवलं. फॉर्म मी मागून घेतला आणि 'आयजीए' हा शब्द माझ्या हाताने लिहिला.